सरदारकाकांची झाडभरती

लग्न होऊन बेटाच्या दक्षिणेला प्लेन मान्येन गावी आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी भर दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला शेजारच्या अंगणात एक म्हातारा दिसला. डिसेंबरचं, म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळ्यातलं ऊन. सिमेंटचं अंगण तव्यासारखं तापलेलं. त्यावर हा गृहस्थ अनवाणी उभा. डोळे मिटलेले, एका हातात खिशातलं घड्याळ. शेजारी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वीतभर उंचीचं एक रोप होतं आणि दुसऱ्या हातातली छत्री त्याने त्या रोपावर धरली होती. स्वतः उन्हात.

मी घाबरून सासूबाईंना हाक मारली. "आई, त्यांना काही होतंय का?"

सासूबाईंनी खिडकीतून एकदा पाहिलं आणि पुन्हा डाळ घोटायला घेतली. "काय होत न्हाय. सरदार हाय तो. झाड निवडतोय."

एवढ्यात त्या गृहस्थाने डोळे उघडले, घड्याळ पाहिलं, "चार मिनटं" असं मोठ्यानं जाहीर केलं आणि उड्या मारत सावलीतल्या बादलीत दोन्ही पाय बुडवले. मग छत्री मिटून ते रोप नेमकं तो उभा होता त्या जागी ठेवलं आणि त्याला म्हणाला, "आता तुजी पाळी."

मी वरच्या पठारावरच्या क्वात्र बॉर्नची. आमच्याकडे वर्षातले निम्मे दिवस पाऊस आणि उरलेले निम्मे दिवस पाऊस येईल की काय म्हणून काखेत छत्री. उन्हाला इतकं गंभीरपणे घेणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

भिकाजी सरदार हे त्यांचं नाव, पण मी त्यांना सरदारकाका म्हणू लागले. साखर कारखान्याच्या मळ्यावर ते बायकांच्या टोळीचे सरदार होते. पहाटे हजेरी घ्यायची, कुणाला कुठल्या ओळीत निंदायला लावायचं ते ठरवायचं आणि दुपारपर्यंत मागे उभं राहून ओरडायचं, असं त्यांनी तीस वर्षं केलं. निवृत्त झाले आणि लगेच मोठं वादळ आलं. त्या वादळात त्यांचं लाकडी, पत्र्याचं घर गेलं, फणस गेला, दोन आंबे गेले. त्यांचा मुलगा दत्ता विमानतळावर सामान चढवायच्या कामाला होता. त्याने हिंमत करून सिमेंटचं घर बांधलं. सिमेंट थोडं उरलं, तेव्हा काका फ्लाकला एका लग्नाला गेले आहेत असं बघून त्याने अख्खं अंगणही सिमेंटचं करून टाकलं. चिखल नको, गांडुळं नकोत, वादळात अंगावर पडायला झाड नको.

काका परत आले. फाटकात उभं राहून त्यांनी ते अंगण पाहिलं, म्हणे, आणि फक्त एवढंच विचारलं, "आता थुकायचं कुटं?"

मग आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी विमानतळावरून तेलाची दोन रिकामी पिंपं मागवली, मधोमध कापली आणि चार अर्धी पिंपं ओळीनं ठेवली. "चार जागा हायत," ते दत्ताला म्हणाले. "चार झाडं घेनार. पारखून."

ही पारख सव्वातीन वर्षं चालली. त्यातली जवळजवळ तीन वर्षं मी माझ्या खिडकीतून पाहिली.

काकांच्या भरतीची रीत अशी. पहिल्यांदा जागा तपासायची. एकदा त्यांनी दुकानातून मेणबत्त्या आणल्या, त्यांचे बोटभर तुकडे केले आणि दुपारी बारा वाजता अख्ख्या अंगणात ते उभे केले. सासूबाईंना वाटलं, कसली तरी पूजा आहे. त्यांनी इकडून हात जोडले. पण काका खुर्ची टाकून बसले आणि कुठला तुकडा आधी वाकतो ते बघू लागले. पश्चिमेच्या भिंतीजवळचा सगळ्यात आधी लोळला. फाटकाजवळचा दुसरा. न्हाणीघरापाशी जो होता तो तीन वाजेपर्यंत ताठ. काकांनी कोळशाने फरशीवर रेघा मारल्या. त्या रेघा पाहून मी थक्क झाले. मी शाळेत मुलांना नकाशे शिकवत होते, पण उन्हाचा नकाशा काढता येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

जागेनंतर काका स्वतः. "आधी मी, मंग झाड," हे त्यांचं पालुपद. आणि त्यानंतर उमेदवार. ते रोप डब्यातून आठवडाभर उन्हात उभं राहायचं. रोज सकाळी सहा वाजता हजेरी व्हायची. काका पाठीमागे हात बांधून ओळीपुढून चालायचे आणि पुकारायचे, "लिंबू!" मग स्वतःच बारीक आवाजात "हाजर" म्हणायचे. "पेरू!" "हाजर." "लिची!" लिचीच्या वतीने मात्र एके दिवशी कुणी उत्तर दिलं नाही. काकांनी तिची पानं हातात घेतली. कडा तांबूस झाल्या होत्या.

"कोंजे," ते म्हणाले.

कोंजे म्हणजे कामावरून रजा. मळ्यावर हा शब्द ऐकला की माणूस आपलं कुदळ-फावडं उचलून घरी जायचा. आमच्या गल्लीत त्याचा अर्थ असा, की कुणाला तरी एक झाड फुकट मिळणार. त्या लिचीला सासूबाईंनी आमच्या मागच्या अंगणात, मातीत, सावलीच्या बाजूला लावलं. गल्लीतल्या प्रत्येक घरात काकांचं एकेक नापास झाड होतं. लिंबू नापास, कारण काटे. बिलिंबी नापास, कारण "खाली सडा पाडती, मुंग्या येत्यात." शेवगा नापास. "उंची हाय, पन छाया कुटं? नुसती चाळन." असल्या शेऱ्यांमुळे गल्लीतली निम्मी पोरं शेवग्याच्या शेंगांवर वाढली.

"सरदारकाका," मी एकदा विचारलं, "तुम्हाला फळ नको, फूल नको, उंची नको. मग हवंय काय?"

"मिस," ते म्हणाले. मी शिक्षिका म्हणून मला ते 'मिस' म्हणत, आणि लगेच पुढे 'तू' म्हणत. "मिस, तू पानं बघती. सगळी दुनिया पानं बघती. पानं करपत न्हायत, मुळं भाजत्यात. हितं हात लाव."

मी पिंपाला हात लावला आणि झटक्यानं मागे घेतला.

"आता कळलं? मातीतलं झाड उनातनं पळून खाली जातं. ह्याला पळायला जागा न्हाय. पळायला जागा नसताना जे उबं राहील ते मला पायजे."

मग त्यांनी पिंपाला बाहेरून चुना फासला, आत उसाच्या चोयट्यांचा जाड थर देऊन त्यात दुसरं पातळ पिंप बसवलं, वरून पाचट पसरलं. खाली फळी आणि फळीला उसाच्या जुन्या गाड्यांची लोखंडी चाकं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला मुद्दाम बोलावून पुन्हा हात लावायला लावला. पिंप कोमट होतं. मी चक्क टाळ्या वाजवल्या. काका लाजले आणि उगीचच दत्तावर ओरडले.

चाकं कशाला, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. वादळ आलं की आत ओढायला असतील, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो.

दुसऱ्या वर्षी ते म्हणाले, "मिस, पांपलमूसला चल. बागेत झाडांवर पाट्या हायत, त्या तू वाच." दोन बस बदलून आम्ही गेलो, माझे यजमान, मी आणि काखेत गोणपाट घेतलेले काका. मी मोठ्या उत्साहानं पाट्या वाचायला सुरुवात केली. काकांनी एकाही पाटीकडे लक्ष दिलं नाही. पहिल्या झाडाखाली त्यांनी गोणपाट अंथरलं, उताणे झोपले आणि डोळे मिटले.

"काका, हे काय?"

"गप. मोजतोय."

"काय मोजताय?"

"तोंडावर ऊन किती ठिकानी लागतंय ते. नऊ. लई झालं. उठा."

पुढचं झाड. पुन्हा गोणपाट. असं सातव्या-आठव्या झाडाशी बागेचा रखवालदार धावत आला. म्हातारा उन्हानं पडला असं वाटून त्याने काकांच्या तोंडावर पाणी मारलं. काका एक डोळा उघडून शांतपणे इथल्या क्रेओल बोलीत म्हणाले, "भाऊ, जरा बाजूला हो. तुझी सावली मोजणीत येतेय."

रखवालदार आधी चिडला. मग त्याला सगळा प्रकार कळला, तेव्हा तो स्वतः काकांशेजारी आडवा झाला आणि हसत हसत म्हणाला, "बारा वर्षं इथं नोकरी करतोय, ही झाडं खालून कधी बघितलीच नव्हती." मी बाकावर बसून त्या दोघांकडे पाहत होते. मला हसू यायला हवं होतं. पण पानांच्या थरांतून उतरणारा एवढा मोठा उजेड त्या दोन माणसांच्या तोंडावर बारीक ठिपके होऊन पडत होता, आणि मला उगाच देवळात आल्यासारखं वाटलं.

रानबदामाखाली काका बराच वेळ पडून राहिले. "दोनच," ते म्हणाले. "ह्याची फांदी आडवी जाती. छत्रीवानी. खाली चार बायका बसतील."

"बायका?" मी विचारलं.

"बायका, बापये, कुनीबी," असं म्हणून त्यांनी गोणपाट झटकलं.

रखवालदाराने जाताना रानबदामाची दोन रोपं दिली. एक टिकलं. त्याच्या जोडीला पुढे एक पेरू पास झाला, एक पांढरा चाफा झाला आणि भिंतीच्या फटीत आपोआप उगवलेला एक वड. वडाचं काकांना भारी कौतुक. "ह्याला कुनी बोलावलं न्हवतं. आपनहून कामावर आला." ही चार झाडं चार पिंपांत गेली. काका त्यांची खालची फांदी छाटत, वरची वाढू देत, आणि अधूनमधून खाली बुटकं स्टूल टाकून डोकं लागतं का ते बघत. तिसऱ्या वर्षअखेर रानबदाम दत्ताच्या डोक्यावरून हात दीड हात वर गेला.

आणि मग एका दुपारी, परीक्षांमुळे बाराला सुटणाऱ्या शाळेतून मी घरी येत असताना, पाहिलं तर काकांचं फाटक सताड उघडं. दत्ता मागून ढकलतोय, काका पुढून ओढतायत आणि चारही झाडं एकामागून एक चाकांवरून गडगडत रस्त्याच्या कडेला निघाली आहेत.

आमच्या फाटकांसमोर बसचा थांबा होता. मळ्यावरून सुटलेल्या बायका साडेबारा-एकला तिथे येऊन उभ्या राहत. पहाटेपासून निंदून आलेल्या, डोक्याला फडकी, त्यावर गवती टोप्या, हातात वाकवाच्या, म्हणजे केवड्यासारख्या झाडाच्या, पानांच्या विणलेल्या पिशव्या. थांब्यावरचं मोठं झाड वादळात गेल्यापासून तिथे बोटभर सावली नव्हती.

काकांनी झाडं ओळीत लावली, कमरेवर हात ठेवले आणि मळ्यावरच्या आवाजात हुकूम सोडला, "बसा!"

एकही बाई हलली नाही. मग त्यातली एक फसकन हसली. "अगं बाई, सरदार बसा म्हनतोय! तीस वर्सं उठा उठा करत व्हता." त्या सगळ्या पोट धरधरून हसल्या आणि हसता हसता सावलीत टेकल्या. डबे उघडले. काका लगेच फाटकाच्या आत गेले आणि दाराआडून बघत राहिले.

एक बाई मात्र बसली नाही. येसूबाई. टोळीतली सगळ्यात म्हातारी, काळीसावळी, काटकुळी. विजेच्या खांबापाशी उन्हात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तशीच. आठवडाभर तशीच. रोज साडेबाराला झाडं बाहेर यायची, रोज बायका बसायच्या, रोज येसूबाई उभी.

मी एक दिवस पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याकडे गेले. "आजी, सावलीत या ना."

तिने पाणी घेतलं. "तू नवी हायस. तुला ठावं न्हाय." मग तांब्या परत देत म्हणाली, "मळ्याच्या कडंला जांभळीचं झाड व्हतं. लई मोठं. आम्ही त्याच्याखाली भाकर खायचो. बायकांची तान्ही पोरं फडक्याच्या झोळीत फांदीला टांगलेली असायची. माजंबी पोर व्हतं. आनी ह्यानं सायबाला सांगितलं, बायका लई येळ बसत्यात. दुसऱ्या दिवशी झाड पाडलं. माज्या पोराला उनात ठेवावं लागलं, त्याला ताप भरला. चार दिवस डोळं उघाडलं न्हाय."

"मग?"

"जगलं. आता कारखान्यात कामाला हाय." तिने टोपी सारखी केली. "पन मी ह्याच्या सावलीत बसायची न्हाय."

मी तशीच काकांच्या अंगणात गेले. ते फाटकामागच्या स्टुलावर बसले होते. आमचं बोलणं त्यांना ऐकू आलं असावं, कारण मी काही विचारायच्या आधीच ते बोलले.

"खरं हाय. सायबानं इचारलंबी न्हवतं. मी आपनहून सांगितलं. शाबासकी मिळंल म्हनून."

मी तांब्या खाली ठेवला.

"मला बूट व्हते, मिस," ते म्हणाले. "डोक्यावर सायबानं दिलेली जाड टोपी व्हती. ऊन काय असतं ते मला ठावंच न्हवतं."

तीन वर्षं ज्यांच्या करामतींना मी खिडकीतून दाद दिली होती, ते काका त्या स्टुलावर एकदम लहान दिसू लागले. आणि तरीही, का कोण जाणे, मला त्यांच्याबद्दल इतकं कधीच वाटलं नव्हतं जितकं त्या क्षणी वाटलं. उन्हात उभं राहून माणूस उन्हाचं एक एक मिनिट शिकत होता, आणि आम्ही हसत होतो.

"त्यांना हे सांगितलंत?" मी विचारलं.

"काय सांगू? तिला ठावं हाय."

"त्यांना ठाऊक आहे, काका. पण तुम्ही कुठे सांगितलंय?"

दुसऱ्या दिवशी झाडं बाहेर आली. बायका बसल्या. काका आत पळाले नाहीत. रस्त्याच्या मध्येच उभे राहिले. हुकूम सोडायचा तो आवाज त्या दिवशी त्यांना सापडेना. दोनदा घसा खाकरला.

"जांभूळ सायबानं पाडली न्हाय," ते म्हणाले. "मी पाडायला लावली. माजं चुकलं. येसू, तुजं पोर आजारी पडलं, ते माज्यामुळं."

डब्यांचे आवाज थांबले. येसूबाई खांबापासून हलली नाही. "इतकी वर्सं लागली व्हय तुला एवढं बोलायला?" ती म्हणाली. तेवढ्यात बस आली आणि ती सगळ्यांच्या आधी चढून गेली.

काका त्या संध्याकाळी जेवले नाहीत, असं दत्ता म्हणाला. पुढचे दोन दिवस येसूबाई थांब्यावर दिसली नाही. काकांनी त्या दोन्ही दिवशी झाडं बाहेर काढली, पण स्वतः न्हाणीघराच्या पायरीवर पाठ करून बसून राहिले. सकाळची हजेरी झाली नाही. पेरू-चाफ्याच्या नावाने ती बारीक 'हाजर' ऐकू आली नाही, तर आमची गल्ली किती सुनी वाटते ते मला तेव्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी ती आली. शनिवार होता, मी घरीच होते. तिने थांब्यावर पिशवी ठेवली आणि सरळ रानबदामापाशी गेली. वर पाहिलं, खाली रस्त्यावर पडलेली सावली पाहिली आणि फाटकाकडे तोंड करून ओरडली, "सरदार! ह्यो कुनी ठेवला असा? निम्मी सावली रस्त्यावर सांडतीया. तितं काय मोटारी बसवनार?"

काका अनवाणीच धावत बाहेर आले.

"हिकडं सरकव. आनखी. आनखी थोडा. लाव की जोर!" येसूबाई हुकूम देत होती आणि तीस वर्षं हुकूम दिलेला तो माणूस पिंपाला खांदा लावून ढकलत होता. शेवटी तिनेही एका बाजूने हात लावला. सावली कुंपणाच्या भिंतीच्या पायथ्याशी पुरी येऊन बसली. येसूबाईने पदरानं तोंड पुसलं आणि खाली बसली. डबा उघडला.

काका सावलीच्या कडेला, उन्हातच उभे राहिले. कुठे बघावं ते त्यांना समजत नव्हतं.

येसूबाईने घास घेतला, चावला. मग आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि शेजारची रिकामी झालेली जागा हातानं झाडली. "उबा का? बस. जागा हाय."

काका बसले. गुडघे जवळ घेऊन, शाळेत पहिल्या दिवशी मूल बसतं तसे. तिने अर्धी भाकर तोडून त्यांच्या हातावर ठेवली आणि ते ती खाऊ लागले.

बस आली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. बायकांची डबे बंद करायची, पिशव्या शोधायची एकच धांदल उडाली. काका तोंडात घास असतानाच उठले, बसच्या पुढे जाऊन उभे राहिले आणि ड्रायव्हरला हात करून म्हणाले,

"थांब वाईच. बायका जेवत्यात."